बूड फुगलेला लिटर

मी एक जुना लिटर आहे. म्हणजे पत्र्याचं, दांडा लावलेलं, एक लिटरचं माप. मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचं मोजलं, आज स्वतःचं सांगतो. ऐकायला गोड वाटणार नाही. माझ्या तोंडातली किळस अजून गेलेली नाही.

एका पत्रेवाल्यानं मला घडवलं आणि सरकारी शिक्का कपाळावर घेऊन मी रॉकेलच्या दुकानात गेलो. तिथं पहिल्याच महिन्यात मालकानं माझं बूड आत ठोकलं. तेवढं रॉकेल प्रत्येक डब्यातून कमी जायचं. पुढं दुकान बंद पडलं. मग गैबी मिस्त्रींनी मला भंगारातून उचललं, लाकडी हातोडीनं बूड सपाट केलं आणि नव्यानं तपासून शिक्का मारून आणला.

गैबी मिस्त्रींचं शाहूपुरीत गॅरेज होतं. त्यांची एक रीत होती. ओळखीत कुणाला नवी गाडी घ्यायची असली, की शोरूमची चालवून बघायची गाडी आधी त्यांच्याकडं यायची. टाकी काठोकाठ भरायची, वारणानगरला जाऊन यायचं, सहासष्ट किलोमीटर. मग कॅनमधलं पेट्रोल माझ्यानं मोजत टाकी परत काठोकाठ करायची. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, धान्य मोजताना म्हणतात तसं ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. जात्यात पहिली मूठ घालताना बायकांचा आवाज होतो, तसा त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मोजण्याआधी ते मला दारातल्या सपाट दगडावर ठेवून बघत. मी डुललो नाही तरच मोजणी. लिटरला किती किलोमीटर पडले, तो आकडा भिंतीवर रंगानं लिहीत. त्या भिंतीवर लोकांचा विश्वास होता, आणि थोडा माझ्यावरही.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. गॅरेज त्यांचा शागीर्द कृष्णात चालवू लागला. मिस्त्रींच्या पत्नी अमीरबी मागच्या खोलीत राहतात. लिटरला किती पडतं ते गाडीतल्या पडद्यावरच दिसू लागल्यावर मला कोण विचारतो? माझ्यात गंजके नट पडले. त्याचं दुःख होतं, पण किळस नव्हती. ती पुढं आली.

नव्या गाड्यांनी पेट्रोल कमी प्यावं, धूर कमी सोडावा, असा नियम कडक होत चालला. नियमाशी माझं भांडण नाही. तुमच्याच छातीत जाणारा धूर तो. पण एका शोरूमनं काय केलं? त्यांनी वर्षानुवर्षं विकत आलेल्या जुन्याच गाडीला नवा दिवा आणि नवं नाव दिलं, काचेवर ‘लिटरला चोवीस’ चिकटवलं आणि नियमाच्या नावानं किंमत सत्तर हजारांनी वाढवली. लोक खात्री करायला कृष्णातकडं येणार, हे त्यांना ठाऊक होतं. गाडीमागं काहीतरी देऊ, असं त्यांनी त्याला सांगितलं.

कृष्णातनं माझ्यातले नट ओतले. मला वाळूच्या पोत्यावर धरलं आणि आतून हातोडा घातला. माझं बूड बाहेर आलं. रॉकेलवाल्यानं पोट मारलं होतं, यानं फुगवलं. आता माझ्यात लिटरहून जास्त मावू लागलं, म्हणजे मापं कमी भरणार आणि गाडी शहाणी ठरणार. दारू पाजून बोलायला उभं केलेल्या साक्षीदारासारखा मी झालो.

मग संघप्रिया आली. वारणानगरला शाळेत शिकवते. दीड वर्षापूर्वी तिचा पाय मोडला, आत सळई आहे, एसटीत उभं राहवत नाही, म्हणून तिला गाडी हवी होती. सळई काढण्यासाठी तिनं पैसे बाजूला ठेवले होते. सोबत शोरूमचा पृथ्वीराज होता, इस्त्रीची घडी न मोडता बसणारा.

गाडी वारणानगरला जाऊन आली. कृष्णात मोजू लागला.

“लाभ,” तो म्हणाला.

मिस्त्रींचा शब्द त्याच्या तोंडात ऐकून मला माझीच किळस आली. दोन. तीन. टाकी भरली.

“बावीस पडलं की,” कृष्णात म्हणाला. “कंपनीपेक्षा दोन कमी, एवढं चालतंय.”

“बघा मॅडम,” पृथ्वीराज म्हणाला, “जुनं मॉडेल शेवटचं एकच उरलंय, पण त्याला बावीस कुठलं? हे सत्तर हजार पेट्रोलमध्येच निघणार.”

संघप्रिया भिंतीकडं बघत होती. जुन्या मॉडेलपुढं मिस्त्रींच्या हातचं ‘१९’ होतं. “मग सळई पुढच्या वर्षी काढते,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात अमीरबी दुधाच्या पिशव्या घेऊन आल्या. “दगडावर ठेवलंस काय रं त्याला?”

“काय गरज न्हाय, चाची. ती जुनी पद्धत.”

अमीरबींनी मला उचलून दगडावर ठेवलं. मित्रांनो, मला वाचा नाही. पण मी डुललो. जेवढं डुलता येईल तेवढं डुललो.

“कृष्णा,” त्या म्हणाल्या, “ह्ये नाचतंय कशापायी?”

त्यांनी लिटरची पिशवी फोडून माझ्यात ओतली. काठ दूरच राहिला. अर्ध्या लिटरची फोडली, तिच्यातला तिसरा हिस्सा गेला तेव्हा कुठं मी भरलो.

“चाची, दूध वाया गेलं,” संघप्रिया म्हणाली.

“जाऊ दे. तू शिकवतीस न्हवं? हिशेब कर.”

तिनं बोटांवर केला. “तीन मापं म्हणजे साडेतीन लिटर. सहासष्टला भागलं तर जेमतेम एकोणीसच, जुन्याइतकंच.” मग पृथ्वीराजकडं वळली. “सत्तर हजार कशाचे, दिव्याचे?”

“नियमाचे, मॅडम.”

“नियम पेट्रोल वाचवायचा हाय,” अमीरबी म्हणाल्या. “हिचा पाय विकायचा न्हाय.”

संघप्रियानं जुनंच मॉडेल घेतलं. पुढच्या महिन्यात सळई निघणार आहे. कृष्णात हातोडी घेऊन मला सरळ करायला आला, तर अमीरबींनी अडवलं. “राहू दे. येणाऱ्यास्नी दिसू दे.”

म्हणून मी दारातल्या दगडावर असा वाकडा बसलोय. पेट्रोल आणि नासलेलं दूध यांचा वास अंगाला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात गाडी येईल तेव्हा काचेवरचा आकडा वाचून टाळ्या पिटू नका. तो कुणी मोजला, कशानं मोजला, हे विचारा. आणि माप हाती आलं, तर आधी सपाट दगडावर ठेवून बघा.

रस्त्यावरून ट्रक गेला की मी डुलतो. कृष्णात मान खाली घालतो.