खऱ्या नोटेला मी खोटी ठरवलं

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं असेल तर फक्त माझं तोंड पाहिलं असेल. नोट सरकवायची एक आडवी फट आणि तिच्याभोवती हिरवा दिवा. बाकीचा मी यंत्राच्या पोटात असतो. स्लॉट मशीनमध्ये नोटा घेणारा तो मी. माणसं मला बिल अ‍ॅक्सेप्टर म्हणतात. फिरणारी चाकं आणि लुकलुकणारे दिवे यांचं कौतुक सगळ्यांनाच असतं, पण आधी मला नोट खरी वाटावी लागते. तरच पुढचं सगळं.

माझी रचना साधी आहे. दोन रबरी पट्टे नोट आत ओढतात. ती एका पारदर्शक भिंगाखालून जाते. मी तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकतो आणि माझ्या आठवणीतल्या नोटेशी तिला पडताळून पाहतो. पटली तर खालच्या पेटीत टाकतो, नाही तर परत देतो. जांभळ्या प्रकाशात खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो आणि साधा कागद चमकतो, हे मला कारखान्यातच शिकवलं होतं.

युरोपातल्या नायमेखन शहरातल्या एका कॅफेत मी नऊ वर्षं काम केलं. बिअरनं भिजलेल्या, चार घड्या पडलेल्या नोटासुद्धा मी घेतल्या. मग पाच युरोची नवी नोट आली. ती माझ्या आठवणीत नव्हती. मी ती परत करत राहिलो आणि लोक माझ्या तोंडावर थपडा मारत राहिले. शेवटी कॅफेवाल्यानं अख्खं मशीन मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या बाजूला ढकललं.

तिथून मला भीमसेन घेऊन गेले. ते तिथल्याच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. मशीन घरात येताना पाहून त्यांच्या पत्नी लीलावती दारातच म्हणाल्या, "घरात जुगाराचा अड्डा काढताय की काय?"

"अड्डा नाही, दवाखाना," भीमसेन म्हणाले.

त्यांनी माझी आठवण साठवणारी चिप बदलली आणि मला नव्या नोटांची ओळख करून दिली. त्या दिवशी मी पहिल्याच झटक्यात नोट गिळली, तेव्हा ते समाधानानं खुर्चीत मागे रेलले. पुढे निवृत्त झाल्यावर ते दोघं मुलीच्या जवळ, नीउ-व्हेनेप गावात राहायला आले. मी वरच्या छोट्या खोलीत आलो. आणि खरोखरच तिथे दवाखाना झाला. घरी हौसेनं जुनी मशिनं ठेवणारे लोक आपले आजारी बिल अ‍ॅक्सेप्टर घेऊन यायचे. शेजारचे हेंक तर बदल्यात बागेतलं रुबार्ब, म्हणजे आंबट देठांची भाजी, आणायचे आणि लीलावती त्याचं लोणचं घालायच्या.

भीमसेनांचा क्रम ठरलेला होता. भिंग मळलं असेल तर पुसायचं, पट्टे झिजले असतील तर तेवढे बदलायचे, आणि काहीच चाललं नाही तरच नवा भाग बसवायचा. "आधी पुसा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. माझं झाकण एका बोटानं उघडतं. ते कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून माझं भिंग पुसत. शर्वरीला, म्हणजे मुलीला, त्यांनी दोनदा म्हटलं होतं की बस इथे, शिकून घे. तिला स्लोटरडाइकच्या ऑफिसची घाई असायची.

रोज चार वाजता चहा झाला की लीलावती वर येत आणि पाच युरोची नोट माझ्यात सरकवत. खेळ संपला की भीमसेन पेटी उघडून तीच नोट पुन्हा त्यांच्या हातात ठेवत.

"घे, जिंकलीस."

फेब्रुवारीत भीमसेन गेले. हृदयविकाराचा झटका होता, वेळ मिळाला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणाचे कोट ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ते आमच्या मशीनवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. चार वाजता लीलावती एकट्याच वर आल्या. माझं झाकण उघडून त्यांनी भिंग पुसलं, नोट सरकवली, खेळल्या, आणि पेटीची किल्ली शोधून नोट स्वतःच काढून घेतली. मग रोज तसंच.

तीन आठवड्यांनी मी ती नोट परत दिली. त्यांनी भिंग पुन्हा पुसलं. मी पुन्हा परत दिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्या वर आल्याच नाहीत.

शर्वरीला माझी काळजी नव्हती, आईची होती. खालचं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, एवढंच आईचं घर उरलं होतं. चहासुद्धा आई उभ्याउभ्या पिऊ लागली होती. चारची वेळ परत यायला हवी, एवढंच शर्वरीला हवं होतं. म्हणून तिनं नवा बिल अ‍ॅक्सेप्टर मागवला आणि एका शनिवारी बाबांच्या वहीतली आकृती बघत बघत मला काढून त्याला बसवलं. मला वर्तमानपत्रावर ठेवलं. दुपारनंतर गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भंगार केंद्रावर माझी रवानगी व्हायची होती. मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही.

शर्वरीनं आईला हाक मारून वर बोलावलं. लीलावतींनी आपली नोट सरकवली. नव्या अ‍ॅक्सेप्टरनं ती परत दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदाही दिली.

"राहू दे गं," लीलावती म्हणाल्या. "ते नाहीत हे यालासुद्धा कळलंय."

शर्वरीनं स्वतःच्या पाकिटातली नोट सरकवली. ती मात्र नव्या अ‍ॅक्सेप्टरनं चटकन घेतली. मग तिनं आईच्या हातातली नोट घेतली, टेबलावरची बाबांची नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी उचलली आणि पडदा ओढला.

नोटेवर बोटांचे ठसे पिवळेधमक चमकत होते. तिनं माझं झाकण उघडून बॅटरी माझ्याकडे वळवली. माझं अख्खं भिंग तसंच चमकत होतं.

"आई, हे कशानं पुसत होतीस?"

"फडक्यानं. स्वयंपाकघरातल्या." लीलावती भिंगाकडे वाकल्या. "ते म्हणायचे ना, आधी पुसा. कशानं, ते मी कधी विचारलंच नाही. मी म्हणायचे, मला काय करायचंय, तुम्ही आहात की."

"मीही तेच म्हणायचे," शर्वरी म्हणाली.

मित्रांनो, चमकत होती ती हळद. जांभळ्या प्रकाशात हळद चमकते, आणि जे चमकतं ते खोटं, एवढंच मला ठाऊक. मी माझं काम चोख करत होतो आणि तरीही चुकत होतो.

मग लीलावती म्हणाल्या, "म्हणजे सगळ्या युरोपात नोट खरी आणि माझ्या वरणामुळे खोटी." शर्वरीला हसू आलं. मग ती रडली. लीलावतींनी तिला रडू दिलं.

नंतर त्यांनी स्पिरिटची बाटली शोधली. काडी लीलावतींनीच हातात घेतली. माझं भिंग स्वच्छ व्हायला अकरा काड्या लागल्या. मला पुन्हा माझ्या जागी बसवलं, आणि नवा बिल अ‍ॅक्सेप्टर हेंक यांच्या मशीनला दिला. त्यांचं मशीन जानेवारीपासून बंद होतं. तो बसवायला मायलेकी मिळून गेल्या. एक स्क्रू उरला, असं परत आल्यावर कळलं. उद्या लावू, असं ठरलं.

आम्हा यंत्रांची काळजी घ्या, अशी विनंती तुम्ही आजवर पुष्कळदा वाचली असेल. माझी काळजी तर रोज घेतली जात होती, आणि त्या काळजीपायीच मी भंगारात निघालो होतो. म्हणून माझी विनंती थोडी वेगळी आहे. काळजी घ्या, पण ती कशी घ्यायची ते आधी विचारा. ज्याला माहीत आहे त्याला विचारा, तो समोर बसलेला असताना.

गेल्या शनिवारी शर्वरी लवकर आली. ज्वारीच्या पिठात पाणी किती ऊन घालायचं, असं तिनं आईला विचारलं. जिन्यावरून सगळं ऐकू येतं. पहिल्या दोन भाकऱ्या फाटल्या.