दुसऱ्या कार्डाचा नंबर

तिला ऑफिसात सगळे ताई म्हणायचे. पण कंपनीने एकेकाला नारळ दिला आणि आता ताई म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं. वयस्कर लोकांना फोन लावायला सोपं जावं म्हणून बनवलेलं कंपनीचं अ‍ॅप एकटी तीच सांभाळायची, आणि तक्रारींचे फोनही तीच घ्यायची. रिकाम्या खुर्च्यांवर कोणीतरी कव्हरं घालून ठेवली होती. जेवणाचा डबा ती कॉम्प्युटरसमोरच उघडायची.

एका दुपारी एका म्हाताऱ्या टेलरकाकांचा फोन आला.

"मुलीचं बटण दाबलं तरी फोन मुलालाच लागतो, ताई. नवीन स्क्रीन आल्यापासून हे असंच चाललंय."

तिने तपासलं, आणि चूक तिचीच निघाली. स्क्रीनवर प्रत्येक माणसाचं नाव, नंबर आणि बटण असलेलं एक कार्ड दिसायचं; वर मुलाचं, खाली मुलीचं. दोन्हींसाठी तिने मांडणीची एकच फाइल दोनदा वापरली होती. नावं बरोबर दिसत होती, पण बटण दाबलं की अ‍ॅपचा कोड नंबर शोधायला लागायचा तो सगळ्या स्क्रीनवर, वरपासून. दोन्ही कार्डांत नंबरच्या जागेला ओळखीचं नाव एकच, त्यामुळे पहिला, म्हणजे मुलाचा, सापडला की गडी तिथेच थांबायचा.

"म्हणजे काय झालं?" काकांनी विचारलं.

"एकाच कागदी नमुन्यावरून दोन सदरे कापले, काका. दोघांनाही तसाच खिसा. मी नुसतं खिशात बघ म्हटलं, कुठल्या सदऱ्याच्या ते सांगितलंच नाही."

काका खुदकन हसले. "शिकाऊ पोरं करायची असं."

तिने दोन्ही कार्डांना वेगळी ओळख दिली, नंबर त्या त्या कार्डाच्या आतच शोधायला लावला आणि अपडेट पाठवून दिलं. काम तसं किरकोळच होतं.

पुढच्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. टेलरकाकांचा मुलगा. आधी बराच घुटमळला.

"बाबांचे फोन येणं एकदम बंद झालं. अ‍ॅप बिघडलंय का?"

"बिघडलं होतं. आता नीट झालंय," ती म्हणाली आणि काय घडलं ते तिने सांगितलं.

"म्हणजे ते खरंच चुकून लागत होते? बाबा म्हणायचे तसं. मला वाटायचं, बहाणा करतायत. दुकान विकण्यावरून वाजल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. मग हे सुरू झालं. चुकून लागला म्हणायचे, आणि चांगले अर्धा अर्धा तास बोलायचे." मग ओशाळून म्हणाला, "जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतोय."

"तुम्हीच लावा ना त्यांना."

"काय सांगून लावू?" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिला काही चैन पडेना. सेवेच्या चौकशीचं निमित्त करून तिने काकांना फोन केला.

"आता बरोबर मुलीलाच लागतो," काका म्हणाले. "उचलत नाही ती. कामात असते. पण तुमच्या अ‍ॅपची काही तक्रार नाही हो."

"मग वरचं बटण दाबा की."

"नको. तो वैतागेल. चुकून लागत होता तोवर ठीक होतं. आता मुद्दाम कशाला?"

एका ग्राहकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा कंपनीचा नियम. पण हटकायला होतं कोण?

"काका, त्यांचा फोन आला होता इथे. बाबांचे फोन का येत नाहीत म्हणून विचारत होते."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"विचारत होता?"

"हो."

"बरं," काका म्हणाले, आणि फोन कट झाला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा लावून पाहिला. व्यस्त. चहा करून आणला, लावला, तरी व्यस्तच. तिला हसू आलं. आता काकांना फोन करायला काही कारण उरलं नव्हतं, आणि फोन लावावा असं दुसरं कोणी तिला आठवेना. तिने तक्रारीपुढे 'निकाली' असं लिहिलं, आणि दिवे घालवायला उठली.