किंकाळीची जागा

मेक्सिकोतल्या साकातेकासकडच्या त्या खेड्यात सकाळपासून मिरच्या वाटल्या जात होत्या. लग्नघराच्या चुलीवर टर्कीचा रस्सा रटरटत होता. शेजारी बसून रांचेरा, म्हणजे तिकडची गावरान गाणी, गाणारी दोमितिला जाकिटाची चांदीची बटणं लावत होती. समोर नवरी, पंधरा वर्षांची नासारिया, आईकडून वेणी घालून घेत होती.

महिन्यापूर्वी विहिरीवरून एका घोडेस्वारानं तिला उचलून नेलं, आठ दिवसांनी परत आणून सोडलं. आता त्याच्याशीच लग्न. रीतच तशी. पळवलेल्या पोरीला दुसरं कोण पत्करणार?

"मावशी," पोरीनं हळूच विचारलं, "त्या गाण्यात तुम्ही किंकाळी मारता ना, ती निघते कशी? माझी निघालीच नाही. त्यानं तोंड दाबलं होतं."

आईच्या हातातला कंगवा थांबला. पुन्हा चालू लागला.

दोमितिलानं शेवटचं बटण लावलं. तीस वर्षं त्या एका किंकाळीवर तिचं नाव चाललं होतं. ती शिकली कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तिलाही असंच उचललं होतं.

अंगणात व्हायोलिनं लागली. ट्रम्पेटवाला कास्तुलो ओरडला, "चला बाई, पाहुणे ताटकळलेत! तेच गाणं हवंय म्हणतात."

"आज दुसरं गाते."

"नाटकं नकोत. सुपारी त्याच गाण्याची आहे!"

ती उठली. गायली.

पाण्याला गेली पोर, घोडा आला मागून,
उचलून नेली त्यानं, भाग्य आलं चालून...

किंकाळीची जागा आली. पुरुषांनी आरोळी द्यायला छात्या भरून घेतल्या. दोमितिलानं ओठ मिटले. व्हायोलिनं अडखळून थांबली.

"घसा बसला की काय म्हातारीचा?" कुणीतरी खिदळलं.

"घसा ठणठणीत आहे. पण ती किंकाळी माझी स्वतःची होती रे! तीस वर्षं तुम्ही तिला टाळ्या दिल्यात, आणि मी त्या घेतल्या, आग लागो मला! नासारिया, तुला हे लग्न हवंय?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"मग ठेवू कुठं हिला?" बाप कडाडला. "गावात तोंड कसं दाखवू?"

"तोंड त्यानं लपवावं, ज्यानं हिचं दाबलं. माझ्या घरी एक खाट रिकामी आहे. आमच्या गाडीत बसेल."

नवऱ्याकडचे पुरुष उठले. "बुडाला आपला धंदा," कास्तुलो चरफडला. पण गाडीची किल्ली त्यानंच काढली.

आईनं आपली शाल पोरीच्या डोक्यावरून ओढली, तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत तिला फाटकाबाहेर नेलं.

अंगणात चाळीसेक बायका होत्या. त्यांतल्या कितीजणी अशाच घोड्यावरून सासरी आल्या होत्या, हे त्यांनाच ठाऊक. नवऱ्याची आईही त्यांतलीच. गाडी सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. एकीनंही मान वर केली नाही.