एका रेषेवर

गुलमंडीतल्या त्या घरावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. मालकानं मला चहा दिला आणि विचारलं, "विद्यापीठात काय करतेस?"

"म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्यांभोवतीच्या वायूत गंधकाचे रेणू शोधते."

"इथं बसून ओळखू येतात?"

"व्हय. दुर्बिणीनं टिपलेल्या वर्णपटात प्रत्येक रेणूच्या ठरावीक रेषा दिसतात. पण एका रेषेवर आम्ही नाव ठरवत नाय. चार-पाच जुळाव्या लागतात."

"लई हुशार! आडनाव काय?"

"हिवराळे."

त्याची नजर माझ्या कपावर गेली. "खोली... पुतण्याला दिलीय कालच."

मी उठले. "काका, तुम्हाला एकच रेषा पुरली. आता पाटीवरच जात लिहा. चहा तरी वाया जाणार नाय."