पाठीवर गाडी असताना

मित्रांनो, गाडी वर उचलून धरणारा मी एक जुना जॅक आहे. माझ्या पोटात तेल असतं. दांडा वरखाली केला की त्या तेलाच्या जोरावर मी मोटार पाठीवर घेतो. शाळेच्या वर्कशॉपमध्ये नवा आलो, तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे गाड्यांचं काम म्हणजे अभ्यास न जमणाऱ्यांचं, असं ठरलं. वर्ग बंद पडला आणि मी पोत्यांखाली गेलो. यंदा अकरावीला वाहनदुरुस्ती हा विषय पुन्हा सुरू झाला. मला पुसून चकचकीत केलं. पोटातलं तेल अडवणारं झिजलेलं रबर मात्र कुणी पाहिलं नाही.

वर्गात मुलगी एकच. मुलं तिला 'मिस्त्रीण' म्हणून चिडवायची आणि अडलं की तिच्याकडेच यायची.

त्या दिवशी तिचे बाबा आले, ते या वर्गातून तिचं नाव काढून घ्यायलाच. सर शेजारच्या खोलीत सामान काढत होते. गाडी माझ्या पाठीवर, चाक उतरवलेलं.

"चल, हात धू. सायन्सला जागा आहे, आजच कळवायचंय."

"बाबा, एवढं ब्रेकचं बघते ना."

"तुझं 'एवढं' संपतं कधी?"

ती गाडीखाली लावायचा लोखंडी टेकू आणायला वळली, तोच तिच्या हातातला पाना निसटून गाडीखाली गेला. बाबांना घाई. ते गुडघ्यांवर बसले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

देवा रे! माझं तेल पाझरत होतं. मी कणाकणाने खचत होतो आणि ओरडायला मला तोंड नव्हतं. परमेश्वराला एवढंच विनवलं, त्या पोरीला इकडे बघू दे.

तिने पाहिलं. माझ्याखालची ओली फरशी पाहिली.

"बाबा, हात बाहेर!"

"ओरडतेस कुणावर?"

"तुमच्यावरच! आधी बाहेर या!"

बाबांनी दचकून हात ओढला. तिने आणलेला टेकू बाजूनेच गाडीखाली सरकवला आणि त्याच क्षणी माझा दम सुटला. गाडी धाडकन टेकूवर बसली. बाबा कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले.

सर धावत आले. "काय झालं? आणि तुम्ही... फोनवर नाव काढायचं म्हणाला होतात ना?"

बाबांनी घसा खाकरला. "छे हो! हिला हातमोजे कुठले आणायचे, ते विचारायला आलो होतो."

मित्रांनो, मुलांना हातांचं काम जरूर शिकवावं. पण अवजारं धड ठेवून शिकवावं. आणि टेकू लावल्याशिवाय, नुसत्या माझ्या भरवशावर, कुणाचं लेकरू गाडीखाली पाठवू नका.