बाजेखालची शीव

वाशीमकडच्या मालेगावच्या पुढे डोंगर लागला की रस्त्याला सात वळणं आहेत आणि सात वळणांवर पाच हॉटेलं. मिसळ मिळते, शेवभाजी मिळते, एका ठिकाणी तर चायनीजही मिळतं आणि ते करणारा माणूस मंगरुळपीरचा आहे. बाहेरगावचा कोणी या रस्त्याने आला आणि त्याने विचारलं की इकडे जेवायचं कुठं, तर मी त्याला पाचही नावं सांगू शकतो. मी स्वतः कुठं जेवतो असं विचारलं तर मात्र उत्तर एकच: कुठंच नाही. कारण मला नातेवाईक आहेत.

ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावच्या हॉटेलात जेवायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणून त्यातून सुटायला पळवाटही नाही. आमच्या घराण्याने चार पिढ्या मुली अशा हिशेबाने दिल्यात की अनसिंगपासून कारंज्यापर्यंत एक हॉटेल मोकळं राहिलेलं नाही. चहा चालतो. जेवण म्हणजे अपमान. आणि अपमान हा पदार्थ आमच्या नातेवाइकांना पचत नाही, बाकी सगळं पचतं.

एप्रिलमध्ये माझ्या बहिणीचं, वैजयंतीचं लग्न होतं. नऊ दिवस राहिले होते आणि पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे. सोबत माझा मित्र मुन्ना, कारण मोटारसायकल त्याची. शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची पत्रिका किन्हीराजाच्या उकंडमामाची. उकंडराव हा माझ्या आईचा एकुलता एक भाऊ. लग्नात भटजी माइकवरून पुकारतात, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे, तेव्हा यायला आमच्याकडे दुसरा माणूसच नाही. आईने निघताना तीनदा बजावलं होतं की मामाला दुखवू नको. वैजयंतीने एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं: मामा आला नाही तर मी मंडपात येणार नाही, मग तू नवरदेवाशेजारी उभा राहा.

सकाळपासून आम्ही अकरा घरी पत्रिका दिल्या आणि अकरा घरी चहा प्यायलो. जेवायला प्रत्येकाने आग्रह केला, पण मामाकडे जेवण ठरलेलं होतं म्हणून आम्ही प्रत्येकाला नाही म्हणालो. एक वाजता चौथ्या वळणावर मुन्नाने गाडी थांबवली आणि म्हणाला की पोटात नुसता चहा डुचमळतोय, आता काही घट्ट टाकलं नाही तर गाडी दरीत जाईल. दरी त्या ठिकाणी फार तर बारा फुटांची आहे. पण मुन्ना गाडी चालवत होता.

समोर उदयसिंगचा ढाबा होता. एक कडुलिंब, एक पत्र्याचं स्वयंपाकघर, तीन बाजा. आम्ही लिंबाच्या सावलीतल्या बाजेवर बसलो, दोघांत एक शेवभाजी आणि चार पोळ्या घेतल्या. खरं सांगतो, मामाकडे जेवायची जागा शिल्लक ठेवूनच खाल्लं. तेवढ्यात रस्त्यावरून किन्हीराजाचा दूधवाला रिकाम्या कॅनी वाजवत वर गेला. त्याने आमच्याकडे पाहिलं. मी त्याला हात केला. माझ्यासारखा मूर्ख मीच.

आम्ही पोचलो तेव्हा मामा ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. घरातून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, म्हणजे रोडग्यांचा, वास येत होता. विजयमालामामीने सकाळी पाचपासून रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असा घाट घातला होता. पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही, म्हणून दोघंही उपाशी होते. मी पत्रिकेला हळदकुंकू लावून मामाच्या हातात दिली. मामाने ती उघडली नाही. टीव्हीवर ठेवली. म्हणजे घेतलीही नाही आणि परतही केली नाही, निकाल राखून ठेवला.

"जेवून आले म्हन्ते भाचेबुवा," मामा म्हणाला.

मी म्हणालो की नाश्ता केला.

"शेवभाजी. चार पोया. कांदा दोनदा मांगतला." मामाकडे पूर्ण अहवाल होता. "मामा जित्ता असून मामाच्या गावात हाटेलात जेवले. मंग लग्नातबी हाटेलवाल्यालेच उभं करा मामा म्हनून. पोरीले आनंल तो मंडपात, खांद्यावर फडकं टाकून."

 मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उलथणं. मी माफी मागितली. पाया पडलो. आता जेवतो म्हणालो, तर मामा म्हणाला की उष्ट्या पोटाने आमच्या पाटावर बसू नको.

आणि इथे मुन्नाने, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तोंड उघडलं. "मामाजी, तो ढाबा तुमच्या गावात येतच नाई. तो वडखेडच्या शिवात हाय."

दुसरा कोणी असता तर मामाने त्याला ओसरीवरून ढकलला असता. पण मामा दहा वर्षं गावाच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. त्याच्या काळात गावात दुसऱ्या कोणाचा तंटा झाला नाही, कारण मामाचेच संपत नसत. मुद्दा कायद्याचा निघाला की त्याला टाळता येत नसे. ढाबा शेजारच्या वडखेडच्या हद्दीत असेल तर अपमान झाला नाही, आणि अपमान झाला नाही तर लग्नाला यावं लागेल, हे त्याने स्वतःच मोठ्याने मान्य केलं. मग ट्रॅक्टर काढला आणि शेषरावांना बोलावणं पाठवलं.

शेषराव म्हणजे मोजणी खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. तालुक्यातल्या प्रत्येक हद्दीचा दगड त्यांना तोंडपाठ. ते जेवायला बसणार होते तेवढ्यात निरोप गेला, तसेच टेप घेऊन आले. मामीने विचारलं की रोडग्यांचं काय. मामा म्हणाला, अर्ध्या तासात न्याय करून येतो.

ट्रॉलीत उभं राहून मी नऊ दिवसांनंतरचा मंडप डोळ्यांपुढे आणत होतो. भटजी पुकारतायत, मुलीचे मामा, मुलीचे मामा, आणि कोणी येत नाही. चार पोळ्या. त्यातल्या दोन मुन्नाच्या.

ढाब्यावर शेषरावांनी सांगितलं की दोन गावांच्या शिवेचा दगड रस्त्याला लागून आहे, वर फुलीची खूण कोरलेली. दगडापासून सरळ डोंगरमाथ्यापर्यंत रेघ धरायची, वरच्या अंगाला किन्हीराजा, खालच्या अंगाला वडखेड. पाच मिनिटांचं काम. पण रस्त्याला लागून दगड नव्हता. झुडपं पाहिली, नाली पाहिली. शेवटी उदयसिंगला विचारलं. त्याने विचारलं, फुलीवाला का, आणि बाजेकडे बोट केलं.

बाजेचा एक पाय दोन वर्षांपूर्वी मोडला होता. त्याच्याखाली शीव होती.

शेषरावांनी वाकून फुली बोटाने तपासली. मग त्यांनी उदयसिंगला विचारलं की ही बाज कायम इथेच असते का. उदयसिंग म्हणाला, कायम कशी असेल, सकाळी लिंबाच्या पलीकडे असते, दुपारी अलीकडे, संध्याकाळी रस्त्याजवळ. सावली फिरते तशी बाज फिरते आणि बाजेबरोबर दगड. म्हणजे गेली दोन वर्षं किन्हीराजाची हद्द रोज उन्हाप्रमाणे हलत होती आणि ग्रामपंचायतीला पत्ता नव्हता. शेषराव दगडाशेजारी खाली बसले. छत्तीस वर्षांत मी गहाळ झालेले दगड पाहिले, चोरलेले पाहिले, देव म्हणून शेंदूर फासलेले पाहिले, पण ड्युटीवर फिरणारा दगड पाहिला नाही, असं ते म्हणाले. मूळ जागा कोणती, या प्रश्नावर उदयसिंगने हात असा फिरवला की त्यात अर्धा डोंगर आला.

सरकारी मोजणीचा अर्ज करायचा तर निकालाला दिवाळी उजाडणार. लग्न एप्रिलात. तेव्हा मामाने ठरवलं की आज एक वाजता बाज जिथे होती तिथे दगड होता, दगड होता तिथे शीव होती, एवढंच धरायचं. पंचनामा सुरू झाला. स्वयंपाकघर किन्हीराजात निघालं. बाजेची डोक्याकडची बाजू किन्हीराजात, पायथ्याची वडखेडमध्ये. भाजी एका गावात शिजली आणि ताट सीमेवर होतं. मामाने विचारलं, कोण कुठं बसलं होतं.

"मी पायथ्याकडं," मुन्ना लगेच म्हणाला.

ज्याचा मामाशी काही संबंध नाही तो निर्दोष सुटला आणि मी एकटा दोषी. त्याच्याच मोटारसायकलवर मी आलो होतो आणि त्याच्याच पोटासाठी थांबलो होतो. तो माझ्याकडे बघतही नव्हता, शेंगदाणे खात होता.

हे सगळं होईपर्यंत तीन वाजले. मामा पहाटेच्या चहावर होता आणि त्याला शुगर आहे. तो बाजेवर बसला, म्हणजे आधी बसला आणि मग बाज हातांनी धरली. उदयसिंगने आत लसणाची फोडणी टाकली होती. वास आला तसा मामा बोलता बोलता वाक्य विसरला. शेषरावही टेप गुंडाळत होते, पण एकच फूट तिसऱ्यांदा. उदयसिंगने न विचारता दोन ताटं आणून बाजेवर ठेवली, शेवभाजी आणि गरम पोळ्या, आणि निघून गेला.

मामाने ताटाकडे पाहिलं. मग दगडाकडे. घरी बायको रोडगे झाकून बसलेली असताना स्वतःच्याच गावात हॉटेलात जेवायचं, हा गुन्हा माझ्या गुन्ह्यापेक्षा मोठा होता, आणि कलम मामानेच वाचून दाखवलं होतं. कडुलिंबाचं एक पान ताटात पडलं. मामाने ते काढून टाकलं. मग उठला, ताटं माझ्या हातात दिली, बाज एका बाजूने उचलली, वाकून दगड ओढला आणि दोन्ही चार हात गावाकडे सरकवले.

"शेषराव, आता?"

शेषरावांनी डोळे बारीक करून डोंगरमाथा पाहिला. "आता ढाबा वडखेडात."

"सावली एक वाजता इतंच राह्यते," मामा म्हणाला. "पोट्ट्याची काई चूक नाई. वडखेडात जेवलं ते." आणि पहिला घास घेतला.

अशा रीतीने मला न्याय मिळाला. तो मिळताना मी उभा होतो आणि माझ्या हातात पाण्याचा जग होता.

चौथ्या पोळीवर मामी आली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले म्हणून रोडग्यांची डेग कापडात बांधून दूधवाल्याच्या मागे बसून आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, शेषरावांकडे पाहिलं, भाजीच्या रश्शाकडे पाहिलं. मामाने घास गिळला आणि म्हणाला की हे वडखेड आहे. मामी त्याच्याशी बोललीच नाही. तिने शेषरावांना विचारलं, "भाऊ, शीव कोठी हाय?"

शेषराव खोटं बोलत नाहीत. त्यांनी बाजेच्या पायाखाली बोट दाखवलं.

मामीने उदयसिंगला दगड ट्रॉलीत टाकायला सांगितलं. त्याने मामाकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि दगड काढला. बाज कलंडली, मामा ताटासकट वडखेडकडे घसरला. मुन्नाला मामीने ट्रॅक्टर चालवायला बसवलं, मला ट्रॉलीत, डेग मांडीवर. चारही वळणं उतरून, पाचापैकी शेवटचं हॉटेल मागे पडल्यावर, डोंगर जिथे संपतो तिथे तिने दगड रस्त्याच्या कडेला उतरवून घेतला, फुली वर करून. पायाने हलवून पाहिला. हलला नाही.

"आता सगळे हाटेलं माह्या गावात," ती म्हणाली. "आता खा म्हना कोनाले खाचं ते."

मग तिथेच, दगडाच्या वरच्या अंगाला, तिने आम्हाला डेगीतून वाढलं. मी सहा रोडगे खाल्ले. पाचवा मी रडत खाल्ला, पण तो तुपामुळे घसरला. मुन्नाला तिने आठ खायला लावले, कारण त्याची बाजू निर्दोष होती.

मामीने लग्नापर्यंत घरी चूल पेटवणार नाही असं जाहीर केलं. स्वतः ती शेजारी जेवायची. मामाला शेजारी बोलवायची कोणाची हिंमत नव्हती. ढाब्यावर जायची सोय उरली नव्हती, पाचही हॉटेलं आता गावात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा एक पिशवी आणि पत्रिका घेऊन आमच्या दारात उभा राहिला, लग्नाच्या सहा दिवस आधी. पत्रिका उघडलेली होती. आईला भरून आलं, भाऊ इतका आधी आला म्हणून. त्याने आधी विचारलं की स्वयंपाक झाला का.

लग्नाच्या दिवशी भटजींनी माइकवरून एकदाच पुकारलं. मामा वैजयंतीचा हात धरून असा आला की दोन्ही बाजूंना लोक सरकले. मामीही आली होती, पहिल्या रांगेत बसली होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. जेवणाच्या पंगतीत मात्र तिने त्याच्या ताटात तूप स्वतः वाढलं. जरा जास्तच वाढलं. त्याला शुगर आहे, तुपाने काही होत नाही, असं म्हणाली.

वडखेडच्या लोकांना अजून कळलेलं नाही की त्यांचं गाव चार वळणांनी कमी झालंय. शेषराव त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे करतात. उदयसिंगच्या बाजेखाली सध्या विटा आहेत. तुम्ही कधी तिकडून आलात आणि किन्हीराजात तुमचं कोणी असलं, तर डोंगराच्या पायथ्याशी फुलीचा दगड दिसेल, त्याच्या अलीकडेच काय ते जेवून घ्या. अलीकडे हॉटेल नाही. शेत आहे, तुरीचं.