स्थळ क्रमांक दोन

मला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, आणि तो माणूस जन्मालाच आला नव्हता. त्याचं नाव भरत. माझे सासरे अजूनही त्याचं नाव काढतात, आणि ते काढलं की माझ्या तोंडची चव जाते.

दोन हजार दोनच्या सुमाराला मी ओतूरला एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे काढला. तीन कॉम्प्युटर, मधे पडदे, आणि एक पंखा जो फक्त माझ्याकडे बघून फिरायचा. बोर्डावर ‘कॅफे’ लिहिलं होतं म्हणून आळेफाट्याकडचे पावणे आत येऊन चहा मागायचे. मी सुरुवातीला समजावून सांगायचो. नंतर शेजारून चहा मागवून द्यायला लागलो, कारण इंटरनेटपेक्षा त्याला गिऱ्हाईक जास्त होतं.

आशा तिथेच भेटली. ती आणे गावची, पठारावरची. कॉलेजसाठी एसटीनं ओतूरला यायची आणि शेवटचा तास बुडवून माझ्याकडे. तिला वेबसाईट बनवायला शिकायचं होतं. पुण्यातल्या क्लासची फी तिनं घरी सांगितली तेव्हा तिचे वडील जानकूमामा म्हणाले होते, “एवढ्यात बोअर पडती. तुझ्या क्लासला पानी लागायची ग्यारंटी हाय का?” मामांकडे पूर्वी मेंढरं होती. ती विकून त्यांनी शेतीत लक्ष घातलं होतं, पण कुठलीही गोष्ट दात बघून घ्यायची सवय गेली नव्हती.

तेव्हा आशा फुकटात शिकली. माझ्याकडे बसून कुठलीही वेबसाईट उघडायची, माउसचं उजवं बटण दाबून तिच्यामागचा कोड बाहेर काढायची आणि वहीत उतरवून घ्यायची. रात्री घरी पेन्सिलीनं स्वतःचं पान लिहायची, खोडायची, परत लिहायची. दुसऱ्या दिवशी ते नोटपॅडमध्ये टाईप करायचं. एखादा कंस राहिला तर सगळं पान लुकलुकायला लागायचं. ती चिडायची नाही, वहीत बघून कंस शोधायची. घरी कॉम्प्युटर नसताना वेबसाईट लिहिणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पुण्यात वेबसाईट बनवणाऱ्या एका ऑफिसात तिनं फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, डिग्री राहू द्या, आधी केलेली एक साईट दाखवा. इकडे घरी ठरलं होतं की परीक्षा झाली की लग्न. म्हणजे तेवढ्या अवधीत एक खरी साईट उभी करायची आणि पुणं गाठायचं, नाहीतर मांडवात उभं राहायचं.

तेवढ्यात भिमाजीअण्णा आले. अण्णा आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. पुण्याच्या मंडळानं वेबसाईट काढली हे त्यांना कळलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती. “आपली पण पायजे,” ते म्हणाले, “पन मंडळाकडं निधी न्हाई.” आशाला काम हवं होतं, पैसे नको होते. मी मोकळ्या वेळात मशीन फुकट दिलं. माझा त्यात काही हेतू नव्हता असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो.

जागाही फुकटच मिळाली. एक परदेशी कंपनी साईटला जागा द्यायची आणि बदल्यात वरच्या बाजूला तिची जाहिरात नाचायची. त्यामुळे साईटवर लावलेल्या आमच्या खंडोबाच्या चित्राच्या डोक्यावर ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’ अशी इंग्रजी पट्टी आली. मी अण्णांना अर्थ सांगितला, तर ते महिनाभर विचारत राहिले की बक्षीस कधी येतंय.

दुसरी अडचण मराठीची. तेव्हा मराठी अक्षरं दिसायला कॉम्प्युटरमध्ये तो विशिष्ट फॉन्ट टाकलेला लागायचा, आणि तो आमच्या भागात फक्त माझ्याकडे होता. म्हणजे आमची साईट जगभर उघडत होती, पण वाचता फक्त ओतूरला एसटी स्टँडसमोर येत होती. त्यावर अण्णांनीच तोड काढली. साईटची पानं छापायची आणि लोकांना वाटायची.

उद्घाटन जवळ आलं आणि साईटवर स्थळ एकच. ते मी. ‘स्थळ क्रमांक एक, गोरक्ष, स्वतःचा व्यवसाय.’ बाकी कोणी माहिती द्यायला तयार नव्हतं. मशीनवर नाव गेलं की ते कुठं कुठं जाईल, अशी सगळ्यांना धास्ती. अण्णा म्हणाले, “एकटं गोरक्ष लई भकास दिसतंय. भरा काय तरी. लोकं बघत्याल आन् मग देत्याल.”

“नमुन्याला एक टाकू,” आशा म्हणाली. “खरी नावं आली की काढून टाकू.”

आम्ही दोघं बसलो. ती टाईप करत होती, मी शेजारी. नाव भरत. आडनाव आमच्यात सगळीकडे सापडतं असं. मूळ गाव पार सोलापूरकडचं, म्हणजे इकडे कोणी ओळखायला नको. इंजिनिअर, पुण्यात नोकरी. फोटो नाही, कारण फोटो टाकला की पान उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. तिनं लिहिलं, ‘मुलास दिखाव्याची आवड नाही.’

“निर्व्यसनी?” मी विचारलं.

“व्हय तर. पण चहा घेऊ दे त्याला.”

मग ‘अपेक्षा’चा रकाना आला. ती थांबली. मी म्हणालो, “लिही. हुंडा नको. लग्नानंतर मुलीला हवं ते काम, हवं तिथं करू देणार.”

“असा मुलगा असतोय का कुठं?”

“लिहायला काय जातंय?”

तिनं लिहिलं. मला फार उदार वाटलं त्या दिवशी.

उद्घाटनाला अण्णांनी मॉनिटरला फीत बांधून कापली आणि पानं वाटली. आठवड्यात अख्ख्या तालुक्यात भरतचं नाव झालं होतं. जुन्नरपासून आंबेगावातल्या लोणीपर्यंत मुलींचे बाप अण्णांना फोन करत होते. माझ्यासाठी एकही फोन आला नाही. त्याच पानावर, त्याच्याच वर माझं नाव होतं. भरतचं वाचायला लोकांचा डोळा माझ्यावरून घसरूनच जात होता.

आशा म्हणाली, आता काढून टाकते. पण तोवर गेणभाऊंनी घोटाळा केला होता. गेणभाऊ म्हणजे सोयरिकी जुळवणारे. या तालुक्यात त्यांना माहीत नाही असं घर नाही, आणि माहीत नसेल तर ते तसं कबूल करत नाहीत. कुणीतरी त्यांना भरतबद्दल विचारलं. “आवो, माझ्या डोळ्यासमोरचं पोरगं!” गेणभाऊ म्हणाले. “त्याच्या आज्याची आन् आमची मेंढरं एका रानात बसायची. कडेवर घेतलाय मी त्याला.” मग आणखी चौघांनी त्याला पाहिलं. कुणीतरी तर त्याची आई जरा तापट आहे असंही सांगितलं.

आणि एक दिवस जानकूमामा पान खिशात घालून कॅफेत आले. पडद्याकडे संशयानं बघितलं आणि माझ्या टेबलाशी बसले.

“गोरक्ष, ह्या पोराला आपली आशा कशी वाटंल?”

आशा मागच्या कप्प्यात होती. तिच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

“मामा, त्याला लई मागणी हाय,” मी म्हणालो.

“म्हनून तर आलो. पान छापून दे ताजं. नवं काय असंल तर कळंल.”

मी साईट उघडायला लागलो. आमची लाईन हळू, पान वरून खाली घरंगळत यायचं. ‘अपेक्षा’ येईपर्यंत मागच्या कप्प्यात कीबोर्ड जोरात चालू झाला होता. तो थांबल्यावर मी पान परत उघडून छापलं. ते मामांच्या हातात पडलं तेव्हा त्यात एक ओळ जास्त होती. ‘मुलीने लग्नाआधी पुण्यात किमान एक वर्ष नोकरी केलेली असावी.’

मामांनी खिशातलं जुनं पान काढून शेजारी धरलं. “हे आधी नव्हतं.”

“मागणी वाढली ना, मामा.”

त्यांनी दोन्ही कागद आलटून पालटून बघितले. “बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात बी असंच व्हतं,” ते म्हणाले. “चार जनांनी हात लावला की धनी भाव वाढवतो.” मग उठून पडद्याकडे तोंड करून ओरडले, “आशे, ते पुन्याचं हाफिस अजून घेतंय का बघ!”

आशा पुण्याला गेली. नमुना म्हणून तिनं आमचीच साईट दाखवली आणि त्या ऑफिसनं तिला ठेवून घेतलं. मी तिला एसटीत बसवून दिलं. मोकळ्या झालेल्या मशीनकडे बघून मला रडू आलं. तिनं मला सगळ्या काळात एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

पुढच्या दिवाळीला ती घरी आली. मामांनी भरतच्या घरी निरोप धाडायची तयारी केली होती. मग तिनं सगळं खरं सांगितलं. “तो नव्हताच, मीच लिहिला,” ती म्हणाली.

मामा हसले. “गेनभाऊनं त्याला कडंवर घेतलाय, आन् तू म्हनती नव्हता?”

तिची आई गजराबाई तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “त्यानं नाकारलं असंल तर सांग की सरळ. मी सांगते तुझ्या आबाला समजावून.”

त्यापुढे आशाचं काही चाललं नाही. तिनं माझ्याकडे येऊन स्थळ क्रमांक दोनपुढे लिहिलं, ‘विवाह ठरला.’ मीच ते पान छापून आण्याला घेऊन गेलो. मामा बांधावर बसून होते. कागद वाचून त्यांनी घडी घातली. “माझ्या करंटेपनानं गेला,” ते म्हणाले. “पयल्याच दिवशी हो म्हनायला पायजे व्हतं.” त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची मनापासून दया आली, आणि भरतचा संतापही.

मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बाजारातून रिकाम्या हातानं परतताना बघतात तसं. “तुझं जमलं का रं कुठं?”

“नाही मामा.”

“यादीत वर तूच व्हतास न्हाई का?”

आशाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “चालेल. त्यानं कॉम्प्युटर फुकट दिला होता.” आमच्या लग्नात मामांनी गेणभाऊंना भरतच्या बायकोविषयी विचारलं. ती नगरकडची आहे असं गेणभाऊंनी सांगितलं.

आता आम्ही भोसरीत असतो. कॅफे केव्हाच बंद झाला, माझं मोबाईलचं दुकान आहे. आशा मोठ्या कंपनीत आहे, तिच्या हाताखाली मुलं काम करतात. परवा तिच्या कंपनीनं तिला बेंगळुरूला सहा महिने बोलावलं. मी नाही म्हणालो नाही. मी फक्त मुलीची शाळा, माझं दुकान, माझ्या आईचे गुडघे आणि तिथलं जेवण यांचा विचार करायला सांगितलं. रोज सांगितलं. चार दिवसांनी ती म्हणाली, राहू दे, कळवते त्यांना.

जानकूमामा आलेले होते. बाकावर बसून बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, “भरतनं जाऊ दिलं आसतं.”

“आबा,” आशा म्हणाली, “किती वेळा सांगू? तो नव्हताच.”

“नव्हता तर नव्हता,” मामा म्हणाले. “पन जाऊ दिलं आसतं.”

आशानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ‘हवं ते काम, हवं तिथं’ ही ओळ कुणी सांगितली होती हे या जगात तिला आणि मलाच माहीत आहे.

मी उठलो आणि तिच्यासाठी बेंगळुरूच्या गाडीचं तिकीट बघायला बसलो.